मेलेल्या गालाचं दुखणं

"मास्तर, तुमच्या ओठाला काहीतरी लागलंय," असं तो तरुण वकील म्हणाला तेव्हा मास्तर त्याच्या डाव्या खांद्याशी गुंतले होते. नव्या काळ्या कोटाची ही दुसरी ट्रायल. डावा खांदा पडत होता. कुणाचा ना कुणाचा तरी खांदा पडतोच, पण ते गिऱ्हाइकाला कधी सांगायचं नसतं. आतून चिमूटभर भर घालायची, आणि आपण जन्मतःच सरळ आहोत असं त्याला वाटू द्यायचं. माणसं कोटाचे नव्हे, या वाटण्याचे पैसे देतात, हे मास्तरांना फार पूर्वी कळलं होतं. तोंडात टाचण्या होत्या म्हणून ते नुसतं "हं" म्हणाले आणि उजव्या हाताच्या पाठीनं ओठ पुसला. "तिकडे नाही हो, इकडे," म्हणत वकिलानं स्वतःच्या ओठाला बोट लावून दाखवलं. मग मास्तरांनी आरशात पाहिलं. तीन फळ्यांचा आरसा; तिन्हींत एकेक मास्तर. तिघांच्याही खालच्या ओठाच्या कोपऱ्यातून एक टाचणी आरपार बाहेर आली होती, आणि रक्ताची बारीक धार हनुवटीपर्यंत पोचून कोटाच्या पांढऱ्या अस्तरावर ठिपकली होती. तिघांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर वेदना नव्हती. गिऱ्हाइकाचा मात्र चेहरा पडला होता, जसा काही त्याचाच ओठ शिवला गेला होता.

पहिला विचार अस्तराचा आला, आणि तो आला याचं मास्तरांना बरंही वाटलं; हात अजून शाबूत आहे याची ती खूण. त्यांनी टाचणी ओठातून ओढून काढली, जशी कापडातून काढतात तशीच, सरळ रेषेत. मग तोंडातल्या बाकीच्या टाचण्या काढल्या, पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा तोंडाच्या उजव्या अंगाला चघळला आणि त्या ओल्या बोळ्यानं अस्तरावरचा डाग टिपायला लागले. ज्याचं रक्त त्याचीच थुंकी, हे त्यांच्या उस्तादांनी शिकवलेलं. साबणानं जे जात नाही ते याने जातं. डाग फिकट झाला, मग नाहीसाच झाला. वकील बघतच राहिला. पडद्याआडून काजवाल्या बाई डोकावल्या. दुकानातली सगळी हातची काजं त्या करत. बोटांना काम असल्यामुळे त्यांचं तोंड मोकळं असे, आणि त्या मोकळ्या तोंडाचा दुकानभर वचक होता. "मास्तर, शिवायचं ते कापड," त्या म्हणाल्या, "ओठ नव्हे. घरून सांगितलंय का तसं?" वकील हसला. मास्तरही उजव्या बाजूनं हसले. डावी बाजू हसली की नाही हे आरशाला माहीत.

आणि या सगळ्यात, ओठाला टाचणी टोचली ते कळलं नव्हतं तरी, त्याच डाव्या गालावर, डोळ्याखालपासून जबड्याच्या कडेपर्यंत, कुणीतरी ओल्या कापडावर तापलेली इस्त्री ठेवून विसरून गेलं होतं. सकाळपासून. खरं म्हणजे थंडीच्या कोटांची गर्दी सुरू झाली तेव्हापासून. टोचलेलं कळत नाही आणि न टोचलेलं जळतं. हा हिशेब मास्तरांनी कितीदा मांडून पाहिला, पण बेरीज जुळेना. आपण एक वस्तू देऊन दुसरी घेतली होती. गाल घ्या आणि दुखणंही घेऊन जा, असा रोखीचा सौदा होता. गाल तर गेला. मग दुखणं कुणाच्या हुकमानं परत आलं?

दुखण्याची पहिली भेट त्यांना लख्ख आठवत होती. तोंड धुताना गार पाण्याचा हात गालावरून फिरला आणि वरच्या ओठापासून कानापर्यंत विजेची तार ओढली गेली. क्षणभरच. ते बेसिनला धरून उभे राहिले आणि मागे वळून पाहिलं, कुणी मारलं म्हणून. मग ती तार वारंवार यायला लागली: दाढीचा ब्रश लागला की, वारा लागला की, पहिला घास चावला की, 'बरं' म्हणताना ओठ मिटले की. दाताच्या डॉक्टरांनी दोन दात काढले. दोन्ही चांगले निघाले. "पुढेमागे किडलेच असते," असं ते डॉक्टर म्हणाले, आणि एवढ्या धीराचं बोलणं मास्तरांनी शिंप्यांच्या धंद्यातसुद्धा ऐकलं नव्हतं. दातांच्या जागी मागे हिरडीला खोबण राहिली, तार तशीच राहिली. मास्तरांनी बोलणं सोडलं. महिनाभर बायकोला वाटलं, हे रागावलेत. तिनं मागच्या पाच वर्षांतल्या स्वतःच्या चुका मनातल्या मनात काढल्या, त्यांतल्या दोन-तीन चुकांची माफीसुद्धा मागून टाकली. ज्या मास्तरांना माहीतच नव्हत्या. मग खरं काय ते कळल्यावर ती हसली आणि मग रडली, आणि घरात खिडक्या बंद राहायला लागल्या, पंखा बंद, मोठ्यानं हसणं बंद. मुलगी माहेरी आली की लांबूनच हात हलवायची, गालाला गाल लावायची तिची लहानपणची सवय तिनं दारातच चपलांबरोबर काढून ठेवली. गोळ्यांनी तार बोथट झाली, पण डोकंही बोथट झालं. एकदा मास्तरांनी एका कोटाला दोन्ही डाव्या बाह्या कापल्या. कापड परदेशी, पुन्हा मिळणारं नव्हतं. मालक काही बोलले नाहीत. मालक बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हा मेहुण्यानं नसांच्या एका डॉक्टरांचं नाव काढलं. मेहुण्याला सगळ्या गोष्टींतलं सगळं माहीत असे, फक्त त्याच्या स्वतःच्या धंद्यातलं सोडून; पण हे मात्र त्यानं खरं आणलं होतं. गालातून सुई आत जाते, कवटीच्या तळाला एक भोक आहे तिथपर्यंत, आणि तिथे नसेच्या मुळाशी औषध सोडतात. नस मरते. नस मेली की तार मेली. डॉक्टर मध्यम वयाचे, स्वच्छ नखांचे. मास्तरांनी त्यांच्या बोलण्याकडे लक्ष न देता त्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं. सुई धरणाऱ्या माणसाची पारख अंगठ्यावरून होते. अंगठा शांत होता. डॉक्टर म्हणत होते, "बाजू बधिर होईल. चावण्याची ताकद जरा कमी होईल. डोळा जपावा लागेल, त्यात काही गेलं तर कळणार नाही. आणि शंभरात एखाद्याला असं होतं की बधिर बाजूच दुखायला लागते. ते मग अवघड असतं." मास्तरांनी मान हलवली. शंभरात एखादा म्हणजे दुसरा कुणीतरी. आजवर लॉटरीत, बढतीत, बसमधल्या खिडकीच्या जागेत ते कधी शंभरातले एक निघाले नव्हते. इथेच का निघतील? अशी ही साधी, व्यवहारी माणसाची गणितं असतात. आणि शिवाय त्या वेळी डॉक्टर म्हणाले असते की गालाबरोबर कानही देऊन टाका, तर मास्तरांनी विचारलं असतं, एक की दोन्ही?

सुईनंतरचे ते महिने म्हणजे सुटी. मास्तर बोलायला लागले. साचलेलं सगळं बोलून झाल्यावर, बोलायला काही नसतानाही बोलायला लागले. गाल दुसऱ्या कुणाचा तरी आणून शिवल्यासारखा होता, टाके घट्ट, आत कोटात घालतात तसा ताठ कॅनव्हास. पण परक्याच्या गालाचं कोण मनाला लावून घेतो? ओठाच्या कोपऱ्यात अन्नाचा कण राहिला तर ते कळायचं नाही. मग जेवताना, चारचौघांत, बायको स्वतःच्या गालाला एक बोट लावायची, जसं काही तिलाच तिथे खाजतंय, आणि मास्तर रुमालानं आपलं तोंड टिपायचे. दोघांशिवाय कुणाला ही खूण कळायची नाही. रोज सकाळी ती त्यांचा डावा डोळा उजेडात धरून बघायची, धूळ, केस, लाली काही आहे का. मग थेंब घालायची. "लग्न झाल्यावरसुद्धा इतकं डोळ्यांत डोळे घालून बघितलं नव्हतंस," मास्तर म्हणायचे. "तेव्हा बघण्यासारखं काही नव्हतं," ती म्हणायची. "आता निदान लाली तरी असते." दुकानात तर ते आपल्या गालाचा तमाशा करायचे. दुपारच्या चहाला टाचणी घ्यायची आणि सगळ्यांदेखत गालात खुपसायची. शिकाऊ कारागीर डोळे मिटायचे. काजवाल्या बाई म्हणायच्या, "मास्तर, मिरवू नका. जे अंग आपलं राहिलं नाही त्याची थट्टा केली तर ते एक दिवस भाड्याची बाकी मागायला येतं." हे त्या काजाकडे बघत बोलल्या होत्या, गंमत म्हणून. त्यांना आता ते आठवतही नसेल.

रोग येतो हत्तीच्या पावलानं आणि जातो मुंगीच्या पावलानं, असं म्हणतात. मास्तरांचा रोग हत्तीच्या पावलानं गेला होता, तेव्हाच त्यांना संशय यायला हवा होता. मुंग्या मागाहून आल्या. आधी नाकपुडीच्या कडेला एक, मग पापणीखाली रांग. ते हातानं झटकायचे. हाताला गाल लागायचा, गालाला हात लागायचा नाही. मग मुंग्यांची ऊब झाली, उबेचा चटका झाला, आणि चटका बसला तो उठलाच नाही. तार निदान येऊन जायची. दोन तारांच्या मधल्या फटीत माणूस जगून घ्यायचा, एखादं वाक्य, एखादा घास. या इस्त्रीला फट नव्हती. झोपेत सुद्धा ती ठेवलेलीच असायची, आणि जाग आली की आधी ती जागी असायची, मग मास्तर. रात्रीचं जाऊ द्या, रात्री सगळेच भित्रे असतात. पण भर दुपारी, गर्दीच्या चौकात, सिग्नल पडायची वाट बघताना त्यांना वाटायचं की हा गाल कापून त्या कचऱ्याच्या डब्यात टाकावा आणि पलीकडे जावं. कात्री तर खिशातच असायची. एकदा त्यांनी ती उघडूनही पाहिली होती, दुकानाच्या संडासात, गालाचं कापड चिमटीत धरून. पातं टेकवलं. पात्याचा गारवा कळला नाही आणि आग तसूभर हलली नाही. तेव्हा त्यांना समजलं की जळतंय ते या गालात नाहीच. ते कुठेतरी वर, मागे, जिथे कात्री पोचत नाही तिथे जळतंय, आणि गालाचं नुसतं नाव घेतंय. हे समजल्यावर त्यांनी कात्री मिटली आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला. घरी त्यांनी 'जरा जळजळ होते' एवढंच सांगितलं होतं. बायकोनं 'जरा' या शब्दावर एक नजर टाकली होती आणि काही विचारलं नव्हतं.

"मास्तर," वकील गेल्यावर मालक म्हणाले. मालक वाईट नव्हते. वाईट असते तर सोपं होतं. "आज डॉक्टरकडे जाऊन या. आणि उद्यापासून हे." त्यांनी टेबलावर लोहचुंबकाची गादी ठेवली, मनगटाला बांधायची. टाचण्या तिला आपोआप चिकटतात. शिकाऊ पोरं वापरतात ती. मास्तर तिच्याकडे बघत राहिले. उस्ताद म्हणायचे, टाचण्या तोंडातच धरायच्या, म्हणजे तोंड बंद राहतं. आपल्याला काय वाटतं ते गिऱ्हाइकाला कळता कामा नये, आणि तोंड रिकामं झालं की ट्रायल संपली. पुढची टाचणी जिभेनं पुढे ढकलायची, शेवटची संपली की जीभ गालावरून एकदा फिरवायची. मास्तर अजूनही फिरवत. पण उजव्या कडेनं निघालेली जीभ डावीकडे गेली की अंधारात जायची. तिथे काय आहे नि काय नाही, हे तिला एकटीलाच काय ते अर्धंमुर्धं कळायचं, गाल साक्ष द्यायचा नाही. "टाचण्या तोंडातून काढल्या तर मी बोलायला लागेन," मास्तर म्हणाले. "मग गिऱ्हाइकं पळतील." मालक हसले नाहीत. "ओठावर रक्त बघूनही पळतात," ते म्हणाले.

दवाखान्यात बायको आधीच येऊन बसली होती. तिला कुणी फोन केला ते मास्तरांनी विचारलं नाही. काजवाल्या बाईंशिवाय कोण करणार? तिनं त्यांच्या ओठाकडे पाहिलं, मग पर्स उघडून उगाच बंद केली. मास्तरांनी एकच गोष्ट मनाशी धरली होती: दुसरी सुई. पहिल्या सुईनं नस मारली, पण पूर्ण मेली नसेल. एखादा धागा राहिला असेल, तोच पेटलाय. तो तोडा. डोळा गेला तरी चालेल. एका डोळ्यानं कापणारे कटर त्यांनी पाहिले होते. वाक्य त्यांनी येताना पाठ केलं होतं, गालातल्या आगीत न अडखळता म्हणता यावं म्हणून.

डॉक्टरांनी कापसाचा धागा पापणीला लावला. थंड चमचा गालाला लावला. मग त्यांनी एक टाचणी घेतली, तेव्हा मास्तरांना हसू आलं, आणि विचारलं, "टोक की बोथट?"

"लावलीत का?" मास्तर म्हणाले.

"लावलीय. दोनदा."

"मग बोथट म्हणा."

डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. त्यांचा अंगठा अजूनही शांत होता, पण डोळे नव्हते. "मास्तर, नस पूर्ण मेलीय. आणखी सुई देऊन मी काय मारू? आता जे दुखतंय ते नसेत नाही. वरती मेंदूला त्या बाजूची खबर येत नाहीये, म्हणून तो स्वतःच खबरा तयार करतोय."

"खोट्या?"

"दुखतं ते खरंच दुखतं."

मास्तरांनी पाठ केलेलं वाक्य तरीही म्हटलं. डोळ्याचंही म्हटलं. वाक्य स्पष्ट आलं, आणि संपल्यावर खोलीत नुसतं पडून राहिलं, कुणी उचललं नाही. बायको त्यांच्याकडे बघत होती. 'डोळा गेला तरी चालेल' हे तिच्या समोर म्हणायचं नव्हतं. रोज सकाळी ज्या डोळ्याला ती उजेडात धरते तो आपण असा काउंटरवर ठेवून दिला, मोडीत काढल्यासारखा. "जरा म्हणाला होतात," ती हळूच म्हणाली. एवढंच.

डॉक्टर काहीतरी करावं म्हणून उठले, हे मास्तरांच्या लक्षात आलं. "तोंड उघडा बघू." बॅटरी. आरसा. मग डॉक्टरांचं बोट मागे, त्या काढलेल्या दातांच्या खोबणीपाशी, थांबलं. "इथे सूज आहे. पू आहे. वास येत नव्हता का तोंडाला?" "येत होता," बायको म्हणाली. "मी म्हटलं, पोट बिघडलं असेल." लगेच शेजारच्या खोलीत एक्स-रेचा फोटो काढला. आणि मग उजेडाच्या चौकटीत मास्तरांना आपली कवटी दिसली, दाढा, भरलेले दात, रिकामी खोबण, आणि तिच्यालगत, गालाच्या मांसात आडवी, स्वच्छ, सरळ, पांढरी रेघ. एका टोकाला टिपका. जगातली दुसरी कुठलीही वस्तू मास्तरांनी इतक्या लवकर ओळखली नसती.

"ही आजची नाही," डॉक्टर म्हणाले. "कातडी तिच्याभोवती वाढलीय. दोन-तीन महिने तरी झाले असतील."

थंडीचे कोट. गर्दी. घाईत जीभ फिरवली असेल, तोंड रिकामं आहे असं तोंडानंच सांगितलं असेल, आणि डाव्या अंधारात एक मागे राहिली. तेव्हापासूनच तर इस्त्री. मास्तरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. टाचणी! मेंदू नाही, मेलेली नस नाही, शंभरातला एक नाही, टाचणी. दुकानातली, लोखंडाची, बोटात धरता येणारी. जी आत गेली ती बाहेर काढता येते. दुखण्याला अंग होतं. इतके महिने ते भुतांशी भांडत होते, आणि भूत निघालं घरचंच, पाकिटातून विकत आणलेलं. "डॉक्टर," ते म्हणाले, आणि आवाज पोरासारखा निघाला, "हिच्यामुळेच असेल का?"

डॉक्टरांनी फोटोकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "सांगता येत नाही. पू होता, सूज होती. शक्य आहे." प्रामाणिक माणसाचं 'शक्य आहे' हे फार धोक्याचं असतं, लबाडाचं 'नक्की' त्यापेक्षा बरं, त्याला निदान अर्धी किंमत तरी देता येते. मास्तरांनी पूर्ण किंमत मोजली. बायकोनंही. तिनं उठून त्या फोटोतल्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मेली टाचणी." इतक्या दिवसांत तिच्या तोंडून निघालेली ती पहिली शिवी, आणि तीत किती प्रेम होतं.

काढताना बधिर करायची गरज पडली नाही. मास्तरांना फक्त चिमट्याचा दाताला लागलेला आवाज ऐकू आला आणि डॉक्टरांचा श्वास. वाटीत टाचणी पडली, काळवंडलेली, टोकाला गंजलेली. बायकोनं ती कापसात गुंडाळून मागून घेतली. सूज उतरेपर्यंत थांबा, मग बघू, असं डॉक्टर म्हणाले.

मग ते थांबण्याचे दिवस आले. मास्तर मनगटाला चुंबक बांधून उभे राहत. तोंड आयुष्यात पहिल्यांदा ट्रायलच्या वेळी रिकामं होतं आणि त्यांना बोलण्यासारखं काही सापडत नव्हतं. सवयीनं ओठ मिटलेलेच राहत, जसे काही न दिसणाऱ्या टाचण्या धरून. काजवाल्या बाईंनी सगळ्या दुकानाला बजावलं होतं की मास्तरांना कुणी 'काय खाता' म्हणून विचारायचं नाही, ते खरं सांगतील. घरी बायकोनं खिडक्या उघडल्या. मुलीला फोनवर तीच गोष्ट तिनं पुन्हा पुन्हा सांगितली, आणि दर खेपेला टाचणी थोडी लांब झाली. स्वयंपाकघरात ती गुणगुणत होती. चाल कुठली ते तिलाही सांगता आलं नसतं. गेल्या कित्येक महिन्यांत हे घर किती खालच्या आवाजात जगत होतं ते मास्तरांना त्या गुणगुणण्यामुळे कळलं. रोज ती विचारायची, "आज?" आणि मास्तर म्हणायचे, "सूज आहे अजून." सूज हा चांगला शब्द होता. त्याच्या आडोशाला दोघांना उभं राहता येत होतं.

सूज उतरली. खोबण भरली. जीभ फिरवली की मांस गुळगुळीत लागायचं. आणि इस्त्री होती तिथेच होती. एका सकाळी, बायको डोळ्यात थेंब घालत असताना, मास्तरांनी सगळं सरळ मांडून पाहिलं. टाचणी एवढी होती, टोकदार होती, मांसात पुरलेली होती, पिकलेली होती. ती कणभर दुखली नव्हती. जिथे काही नव्हतं, तेच दुखत होतं. टाचणीचा काही संबंधच नव्हता. ती बिचारी तिथे शेजारी म्हणून राहत होती. आणि आता हे कायमचं आहे. हे वाक्य त्यांनी मनात पूर्ण म्हटलं. एखादी खोली बाहेरून बंद झाल्याचा आवाज येतो, तसं झालं. 'ते मग अवघड असतं,' डॉक्टर म्हणाले होते. आणि हे अवघडही नव्हतं, अवघडाला निदान उपाय असतो. बायकोनं त्यांची पापणी सोडली. "लाली नाही," ती म्हणाली. "आज दाखवायला जायचंय ना? मी येते. पेढे—" मग स्वतःलाच हसली. "नको, डॉक्टरांना गोड काय न्यायचं. बघू."

दवाखान्याच्या त्याच खोलीत डॉक्टरांनी आत पाहिलं, छान भरलंय म्हणाले, आणि मग आरसा बाजूला ठेवून, मुद्दाम हळू, विचारलं, "आणि जळजळ?"

मास्तर सगळं सांगायचं ठरवून आले होते. संडासातली कात्रीसुद्धा. वाक्यं तयार होती. त्यांनी तोंड उघडलं, आणि समोर बायको होती. ती पुढे वाकली होती, पर्स मांडीवर, आणि तिचं बोट, तिच्याही नकळत, स्वतःच्या गालावर गेलं होतं. आजवर त्या खुणेचा अर्थ एकच होता: तुमच्या चेहऱ्यावर काहीतरी राहिलंय, पुसा. मास्तर त्या बोटाकडे बघत राहिले. दुखणं आपल्या एकट्याच्या नावावर आहे, त्यात तिची वाटणी नाही, आणि होऊही शकत नाही. पण हे गुणगुणणं सामाईक आहे. ते आपण एकट्यानं खर्च कसं करायचं?

त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि सावकाश गाल पुसला.

"गेली," ते म्हणाले.

डॉक्टरांनी मान वर केली. त्यांचा अंगठा, तो शांत अंगठा, टेबलाच्या कडेवर एकदा हलला. त्यांना कळलं होतं, हे मास्तरांना कळलं; पारख काय एकाच धंद्यात असते? "पूर्ण?" त्यांनी विचारलं. "पूर्ण," मास्तर म्हणाले. डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं, आणि मग कागदावर एका गोळीचं नाव लिहिलं. "तरी ही असू द्या," ते कुणाकडेच न बघता म्हणाले. "रोज. जखमेसाठी." मास्तरांनी कागद घडी करून आतल्या खिशात ठेवला. दोन माणसं एका कोटाचा पडलेला खांदा झाकतात, तसं ते झालं. पण कोट चढवून चालायचं होतं ते एकट्यालाच, आणि हा कोट उतरवायची सोय नव्हती.

बाहेर रस्त्यावर वारा होता. बायको थांबली. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या भर गर्दीत तिनं हात उचलला, मध्येच घाबरून थांबवला, जुन्या सवयीनं, आणि मग, आता भिण्यासारखं काही नाही हे आठवून, तळहात त्यांच्या डाव्या गालावर ठेवला. कित्येक वर्षांनी. "गार आहे," ती नवलानं म्हणाली. मास्तरांना हात लागला नाही. डोळ्याच्या कडेनं फक्त तिचं मनगट दिसत होतं, त्यावरून हात कुठे असेल ते त्यांनी ताडलं. तळहाताखाली, गार कातडीच्या खाली, इस्त्री जळत होती. त्यांनी मान थोडी कलती केली आणि चेहऱ्याचा सगळा भार त्या न लागणाऱ्या हातावर टाकला, अंदाजानं, जेवढा टाकला म्हणजे तिला खरं वाटेल तेवढा.